चार फुटी टाकीखाली संप : पीव्हीसी पाइपची जोडणी कशी करावी?

प्रश्न : मनीषनगरवासी

नमस्कार. नागपुरात मनीषनगर येथे दुसऱ्या मजल्यावरील सदनिकेत माझी ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी गोड्या पाण्याची माशांची टाकी आहे. तिच्या स्टँडमध्ये ३० इंच लांब, १२ इंच रुंद आणि १५ इंच उंच संप (टाकीचे पाणी गाळण्यासाठी खाली ठेवायची दुसरी टाकी) बसवण्याचा विचार असून तेथून पाणी परत वर चढवण्यासाठी ताशी ३००० लिटरचा सबमर्सिबल पंप घेतला आहे. पाणी संपमध्ये उतरवण्यासाठी काचेला छिद्र पाडण्यापेक्षा काठावर अडकवायचा सायफन बॉक्स वापरावा आणि वीज गेल्यावर पाणी मागे येऊ नये म्हणून पंपाच्या पाइपला एनआरव्ही (एकाच दिशेने पाणी जाऊ देणारी झडप) लावावा, असे दुकानदार सुचवतात. एवढे पुरेसे आहे का? पाइप कोणता व किती मापाचा घ्यावा? खालच्या मजल्यावरील कुटुंबाच्या छताला ओल लागू नये, ही माझी मुख्य काळजी आहे. टाकी बैठकीच्या खोलीत असल्यामुळे आवाजही कमीच हवा.

उत्तर : काचपाणी

दुकानदाराचे दोन्ही सल्ले बाजूला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वीज गेली त्या क्षणी पाणी कुठे जाईल, हे आधी पाहायचे आणि त्यावरून संपची जोडणी ठरवायची असते. हिशेब आपल्याच मापांवरून करता येतो. वरच्या टाकीत पाण्याच्या प्रत्येक इंच उंचीत सुमारे १४ लिटर पाणी असते, तर संपमध्ये तेवढ्याच उंचीत जेमतेम ६ लिटर मावते. पंपाच्या पाइपचे तोंड वरच्या टाकीत पृष्ठभागाखाली ४ इंच बुडालेले असेल, तर पंप थांबताच तोच पाइप सायफन होतो आणि तोंड उघडे पडेपर्यंत सुमारे ५६ लिटर पाणी खाली आणतो. चालू स्थितीत संपमध्ये ९ इंच पाणी असेल, तर वरच्या ६ इंचांत ३५ लिटरच मावतील. उरलेले २१ लिटर फरशीवर येतील आणि तेथून कुठे जातील, हे आपल्याला ठाऊकच आहे.

म्हणून पंपाच्या पाइपचे तोंड पृष्ठभागाखाली एक इंचापेक्षा खोल ठेवू नये. पाइपला पृष्ठभागाच्या किंचित खाली एक बारीक छिद्र पाडण्याचीही पद्धत आहे. पातळी उतरताच त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. परंतु शेवाळाने किंवा गोगलगायीच्या पिलाने ते बुजू शकते, त्यामुळे केवळ त्याच्यावर भिस्त ठेवू नये. एनआरव्हीचेही तसेच आहे. त्याच्या पडद्याखाली पानाचा तुकडा अडकला की तो पूर्ण मिटत नाही. लावायचाच असेल तर खुशाल लावावा, पण तो नाहीच असे समजून संपमधील रिकामी जागा मोजावी.

सायफन बॉक्सचा धोका याच्या उलट आहे. त्याच्या वळणात हळूहळू हवेचे बुडबुडे साठतात आणि सायफन तुटला की खाली येणारे पाणी थांबते, पंप मात्र वर पाणी फेकतच राहतो. काचेला छिद्र पाडणेच सुरक्षित; तेही एक नव्हे, दोन. एका छिद्रातून नेहमीचे पाणी खाली येईल आणि दुसरे, तोंड थोडे उंच ठेवलेले, पहिला पाइप तुंबला तर कामाला येईल. मात्र काच टफन्ड (तापवून कडक केलेली) असेल तर ड्रिल लावताच तिचा चुरा होतो, म्हणून टाकी बनवणाऱ्याकडून आधी खात्री करून घ्यावी. साध्या काचेला डायमंड होल सॉ, संथ गती, हलका दाब आणि सतत पाणी एवढे पाळले की काम होते. छिद्राच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत किमान छिद्राच्या व्यासाइतके अंतर सोडावे.

उत्तर : इतवारीचा ग्राहक

पाइपविषयी लिहितो, कारण घोळ बहुधा येथेच होतो. बाजारात राखाडी शेती-पाइप मिलिमीटरच्या मापात मिळतो आणि पांढरा यूपीव्हीसी इंचाच्या मापात. दोन्ही पीव्हीसीच असले तरी एकाचा पाइप दुसऱ्याच्या फिटिंगमध्ये बसत नाही. एक इंची पांढऱ्या पाइपचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी असतो, तर राखाडीचा ३२. दीड इंचीचा ४८.३ असतो आणि राखाडीचा ५०. हाताला हा फरक किरकोळ वाटतो, पण सॉल्व्हंट सिमेंट (पाइप जोडण्याचा चिकट द्रव) ही फट भरून काढत नाही. म्हणून टँक कनेक्टरपासून (काचेच्या छिद्रात बसणारा जोड) शेवटच्या एल्बोपर्यंत सगळे सामान एकाच प्रकारचे घ्यावे. मी पांढरे घेईन. टाकीत झिंगे ठेवायचे असतील तर पितळी इन्सर्टचे फिटिंग टाळावे, कारण पितळेतील तांबे त्यांना सोसत नाही.

पेटीवर छापलेले ३००० लिटर शून्य उंचीचे असतात. चार-पाच फूट चढ आणि काही वळणे आली की प्रवाह बराच कमी होतो आणि संपसाठी तो पुरतोही. खाली येणारे पाणी केवळ उताराने येते, म्हणून तो पाइप वर जाणाऱ्यापेक्षा मोठा हवा. एक इंची पाइपातून ताशी हजार-बाराशे लिटरच आवाज न करता उतरतात, त्यामुळे येथे दीड इंची घ्यावा. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन वापरावेत, पाणी खाली नेणाऱ्या उभ्या पाइपच्या टोपीला हवेसाठी बारीक छिद्र ठेवावे आणि संपमधील तोंड पाण्यात इंचभरच बुडवावे. ते खोल नेले तर अडकलेली हवा ढेकर दिल्यासारखी बाहेर पडत राहते.

टँक कनेक्टरचे रबरी वॉशर पाण्याच्या बाजूच्या कॉलरखाली येते, नट कोरड्या बाजूला. वॉशरला सिलिकॉन लावू नये, नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा पुरे. पंपाजवळ युनियन (फिरवून उघडता येणारा जोड) अवश्य ठेवावा, नाहीतर पंप धुण्यासाठी दर वेळी पाइप कापावा लागेल.

प्रतिप्रश्न : मनीषनगरवासी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका राहते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि हवा अगदी कोरडी असते. पाणी उडून गेल्यामुळे घटलेली पातळी संपमधील पंप असलेल्या कप्प्यातच दिसणार, हे मला समजते. मग तो कप्पा मोठा ठेवावा का?

उत्तर : काचपाणी

नको. खालचा पाइप तुंबला तर पंप आपला कप्पा रिकामा होईपर्यंत पाणी वर टाकेल आणि ते सगळे वरच्या टाकीच्या मोकळ्या काठात मावले पाहिजे. दीड इंच काठ मोकळा असेल तर २१ लिटर मावतात, म्हणून पंपाच्या कप्प्यात उपसण्याजोगे पाणी त्याहून कमी असावे. उन्हाळ्यातील घटीसाठी शेजारी कॅन ठेवून तिला फ्लोट व्हॉल्व्ह (पातळी घटली की उघडणारी झडप) जोडावा. तो थेट गच्चीवरील टाकीच्या नळाला मात्र जोडू नये. व्हॉल्व्ह अडकला तरी कॅनमध्ये आहे तेवढेच पाणी येते, गच्चीवरील टाकीला मात्र अंत नसतो.

सिमेंट लावलेले सांधे २४ तास सुकू द्यावेत आणि मासे सोडण्यापूर्वी पाइप धुऊन ते पाणी फेकून द्यावे. मग वरची टाकी पंपाच्या पाइपच्या तोंडापर्यंत भरून घ्यावी आणि पंप बंद असतानाच संप काठाच्या दोन इंच खालपर्यंत भरावा. पंप सुरू करून पातळी स्थिरावली की संपच्या काचेवर मार्करने रेघ ओढावी. पुढे कधीही त्या रेघेच्या वर पाणी भरू नये. वीज गेल्यावर पाणी संपमध्येच मावते का, हे पंप थांबवून पाहावे; घरात इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच पाडून ही चाचणी होणार नाही. पंपाचा प्लगच काढावा लागेल.