मदत हवी आहे : पोटातील नळीवरून तोंडाने जेवणाकडे वळताना भूक कशी जागवावी?

नमस्कार. आम्ही पुण्यात धायरीला राहतो. माझ्या 14 वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. तो बोलत नाही, पण होकार-नकार डोळ्यांनी स्पष्ट सांगतो. वारंवार न्यूमोनिया होऊ लागल्यामुळे 3 वर्षांपूर्वी त्याच्या पोटात पेग नळी (पोटावरच्या छिद्रातून थेट जठरात अन्न देणारी नळी) बसवली. त्यानंतर त्याचे वजन वाढले, त्यामुळे त्या निर्णयाचा आम्हाला पश्चात्ताप नाही.

गेल्या महिन्यात बेरियम देऊन त्याच्या गिळण्याची व्हिडिओ क्ष-किरण तपासणी झाली. पाण्यासारखे पातळ पदार्थ त्याच्या श्वासनलिकेत उतरतात, आणि तेही ठसका न लागता. मात्र दाट, गुठळ्या नसलेला घास तो सुरक्षितपणे गिळतो, असे त्यात दिसले. ठसका लागत नाही म्हणजे सारे ठीक आहे, ही आमची समजूत किती धोक्याची होती, हे तेव्हा कळले. आता स्पीच थेरपिस्टच्या सल्ल्याने त्याला ताठ बसवून दिवसातून दोनदा पाच-सहा चमचे भरवतो.

दाटपणाचे गणित हळूहळू जमते आहे. नाचणीची पेज गरम असताना पातळ वाटते आणि निवली की घट्ट होते, म्हणून ती निवल्यावरच चमचा तिरका करून पाहते. गोळा एकसंध सुटून पडला, तरच भरवते. लाळेने पेज पुन्हा पातळ होते, त्यामुळे उष्टा चमचा वाटीत बुडवत नाही.

खरी अडचण भुकेची आहे. दर 3 तासांनी नळीतून फीड जात असल्यामुळे घासाच्या वेळी पोट भरलेलेच असते आणि तो तोंड फिरवतो. फोडणीचा वास आला की मात्र स्वयंपाकघराकडे मान वळवतो, म्हणजे इच्छा आहे, असे मला मनापासून वाटते. घासाआधीचे फीड कमी करून दर आठवड्याला वजन पाहावे, असे आहारतज्ज्ञ सुचवतात. सासूबाईंना मात्र लेकरू उपाशी राहील अशी धास्ती वाटते, आणि ती भीती माझ्याही मनात आहेच.

ज्यांनी हा टप्पा पार केला आहे, त्यांनी कृपया सांगावे : आधी कोणत्या वेळचे फीड कमी केले आणि किती? सुरुवातीला वजन उतरले, तर कितपत थांबलात? न बोलणाऱ्या मुलाची भूक कशावरून ओळखलीत? शिवाय शाळेत दुपारचे फीड मावशी देतात. घास भरवण्याचे काम त्यांच्यावर सोपवावे, की सध्या ते घरापुरतेच ठेवावे?