खर्व म्हणजे नेमके किती?

प्रश्न : काल रात्री लेकीला बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट सांगितली. पहिल्या घरात १ दाणा, मग २, ४, ८ असे दुप्पट करत ६४ घरे भरायची. एकूण दाणे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. "आई, आता हे वाचून दाखव." मी अब्जाशी अडले. बाबा खर्व म्हणजे दहा अब्ज सांगायचे. हिंदी पुस्तकात खरब म्हणजे शंभर अब्ज. खरे कोणते?

– ताई, मराठीत बाबांचेच धरा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) प्रत्येक नाव आधीच्याच्या दसपट आहे : कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. म्हणून खर्व म्हणजे एकावर दहा शून्ये. हिंदीत अरबनंतर (म्हणजे आपल्या अब्जानंतर) 'दस अरब' येतो आणि मग खरब. एका नावाला दोन स्थाने मिळतात, तिथेच दहापटीचा फरक पडतो. अनुवाद करताना खरबला खर्व लिहिले, तर रक्कम दहा पटींनी खाली येते. ही चूक कृपया कुणी करू नका.

तुमची संख्या अशी वाचा : १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्व शून्य, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटी शून्य, ९५ लाख ५१ हजार ६१५. परार्धाच्या पुढे नाव नाही, म्हणून सुरुवातीलाच १८४.

आणि 'खर्व'चा दुसरा अर्थ ठेंगू! गणपतीच्या ध्यानश्लोकातले 'खर्वं स्थूलतनुम्' आठवा. एवढ्या मोठ्या आकड्याला हे नाव, याचे मला लहानपणापासून नवल वाटते.

– बोलताना मात्र 'लाख कोटी'च बरे. अर्थसंकल्पाच्या बातम्यांमुळे ते सगळ्यांच्या कानावर आहे.

प्रश्न : आभार! आणखी एक. या संख्येचे 'विभाजक' म्हणायचे की 'अवयव'?

– दोन्ही, पण काम वेगळे. 'मूळ अवयव पाडा' म्हटले की ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७. सातच, आणि एकही दोनदा येत नाही. विभाजक म्हणजे जिने नि:शेष भाग जातो ती प्रत्येक संख्या. सातांपैकी प्रत्येक मूळ संख्या घ्यायची किंवा सोडायची, म्हणजे सात वेळा दोन पर्याय : १२८ विभाजक, त्यात १ आणि ती स्वतःही आली.

३ आणि ५ लेकीलाच शोधू द्या. शेवटी ५ आहे, अंकांची बेरीज ८७. खरी गंमत ६४१ ची. पटाच्या ३३व्या घरातल्या दाण्यांत एक मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ होतात. फ्रेंच गणिती फर्माला ही मूळ संख्या वाटली होती. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवले.

प्रश्न : लेक वहीत हाच भागाकार मांडून बसली होती. भागाकार ६७,००,४१७, बाकी शून्य. आता ६७,००,४१७ चे अवयव पडत नाहीत हे कसे कळले, असे विचारते आहे.