‘घाशीराम’ तुम्ही किती वेळा पाहिलंत?

वडील गेल्यावर कपाट आवरताना जुन्या पंचांगांच्या चळतीत नाटकाच्या तिकिटांची एक गड्डी सापडली. रबरबँड वितळून चिकटलेला. दारावरच्या माणसाने अर्धं फाडून परत दिलेली ती अर्धुकं, एकूण चौदा. चौदाही ‘घाशीराम कोतवाल’ची. आईने ती मोजली आणि म्हणाली, “मला तर ऑफिसात मीटिंग आहे म्हणून सांगायचे.”

आई स्वतः एकदाही गेली नाही. नाना फडणवीसांची टवाळी पैसे देऊन कशाला पाहायची, हा तिचा मुद्दा आजही कायम आहे.

म्हणून हा धागा. माणूस एकच नाटक चौदा वेळा का पाहतो? गोष्ट पहिल्याच खेपेला कळते. कनोजहून आलेला एक परका ब्राह्मण पुण्यात चोर ठरतो, मार खातो, सुडाची शपथ घेतो, नानांकडून कोतवाली मिळवतो आणि सगळ्या शहराला सळो की पळो करून सोडतो. शेवटी तेच शहर त्याला दगडांनी ठेचतं. यात चौदा वेळा कळण्यासारखं काय आहे?

बाकीचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असेल. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. १९ प्रयोगांनंतर वादामुळे थांबलं, मग त्याच मंडळींनी थिएटर अ‍ॅकॅडमी काढून पुन्हा उभं केलं. पण हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. इथे स्वतःचं लिहा. कुठे बसला होतात, शेजारी कोण होतं, आणि परत का गेलात.

*

पुणे, निवृत्त शिक्षिका

तीन वेळा. पहिल्यांदा कॉलेजात असताना, मामाबरोबर. समोर धोतर-उपरणंवाले, शेंडीवाले ओळीने उभे, डुलत डुलत गणपतीचं स्तवन म्हणतायत. मला वाटलं, अगं बाई, हे तर आमच्या वाड्यातले! डावीकडचा दुसरा हुबेहूब आमच्या घरमालकांसारखा मान हलवत होता. थिएटर हसत होतं, मी हसत होते, पायाने ताल धरला होता.

मग दिव्याचा प्रसंग आला. दिव्य म्हणजे परीक्षा. एका ब्राह्मणावर चोरीचा आळ आहे, खरं-खोटं ठरवायला त्याच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा द्यायचा. तो किंचाळला. गाण्याची लय अजून अंगात होती आणि माझा पाय चालूच होता. मामाने गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा लक्षात आलं.

इतकी शरम वाटली की घरी येईपर्यंत मामाशी बोलले नाही. तो बिचारा समजला, मला नाटक आवडलं नाही.

दुसऱ्यांदा गेले ती याचसाठी. या खेपेला हलायचं नाही असं ठरवून पर्स मांडीवर गच्च धरली, पाय खुर्चीखाली अडकवले. पाय राहिले. मान डुलायला लागली.

*

रत्नागिरी, सध्या मुक्काम विरार

एकदाच पाहिलं, पण ते पुरून उरलंय. मित्राने तिकीट काढलं होतं. पुण्याच्या मंडळींचं प्रायोगिक नाटक म्हटल्यावर मी डबा खाऊनच गेलो होतो, झोप आली तर निदान पोट भरलेलं असावं. पण ती ओळ डुलायला लागली आणि मी ताठ बसलो. ही तर आमची नमनाची फळी! आमच्याकडे शिमग्यात खेळे येतात तेव्हा टाळकरी असेच मागे ओळीने उभे, मृदंग घुमतोय, आधी गण, मग गवळण. मी मित्राला कोपर मारून म्हटलं, “आता बघ, संकासुर येणार.” संकासुर म्हणजे आमच्या खेळ्यांतला राक्षस.

संकासुर आला नाही. नाना आले. म्हटलं तर फार फरक नाही पडला.

*

नाशिक, गाणं शिकवते

माझे वडील नारदीय कीर्तनकार. त्यांना नाटकाला नेलं ही माझी चूक, असं मला त्या संध्याकाळी वाटलं होतं. कारण नाटकात कीर्तन चाललेलं असतं, छान रंगतं, आणि बघता बघता त्यातून लावणी निघते. माणसं तीच, उभी तिथेच. टाळांवर ढोलकीची थाप कधी चढली ते कळतच नाही. वडील उठले आणि बाहेर गेले. मी मनात म्हटलं, झालं, आता आठवडाभर अबोला.

मध्यंतरात बाहेर येऊन बघते तर हातात चहाचा कप, आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर चाललेली. मला म्हणाले, “चोरांनी सांधा कुठे मारलाय तेच सापडत नाही.”

पुढच्या प्रयोगाला ते एकटे गेले. त्याच्या पुढच्याही. सांधा सापडला का, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण मी शिकवायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण अभंग एका कप्प्यात ठेवतो आणि लावणी दुसऱ्या. पहिला घरात म्हणायचा, दुसरी घराबाहेर ऐकायची. चंदावरकर स्वतः सतारीचे, पण या नाटकात त्यांनी दोन्ही कप्पे एकाच दोरीने ओढून उघडले. प्रेक्षकाचा कान आधी फसतो, बाकीचं त्याच्या मागोमाग.

*

पुणे, वय ७४

मी चाहता नाही. तरी लिहितो, कारण धागा एकतर्फी चाललाय.

पानिपतातून जीव वाचवून आलेला तरुण पुढे दौलतीचा कारभार हातात घेतो आणि १८०० साली मरेपर्यंत इंग्रजांना, निजामाला आणि आपल्याच सरदारांना तोलून धरतो. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांतला नाना अर्धा, आणि अर्धा एवढ्याचसाठी की तलवार गाजवली नाही. त्या माणसाला तुम्ही बायकांमागे धावणारा म्हातारा करता आणि वर टाळ्या घेता. १९८० साली हे नाटक परदेशात न्यायचं ठरलं तेव्हा विरोधाच्या पत्रकावर मी सही केली होती. तेव्हा नाटक पाहिलेलं नव्हतं, हे कबूल. नंतर पाहिलं. सही मागे घेतलेली नाही.

मोहन आगाशे मात्र जबरदस्त. दिवसा मनोविकारतज्ज्ञ आणि रात्री हा नाना, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

आणखी एक, घरचीच गोष्ट. अंघोळ करताना त्या नाटकातली चाल तोंडात येते. बायको बाहेरून दार वाजवून विचारते, “काय हो, सही केली होतीत ना?”

*

धागाकर्ता

काका, तुमचा राग रास्त आहे. म्हणूनच तेंडुलकरांनी स्वतः हे नाटक ऐतिहासिक नाही असं सांगून टाकलं होतं. घाशीराम खरा, कोतवाली खरी, कोंडून मेलेले तेलंगी ब्राह्मण खरे, १७९१ साली जमावाने केलेला त्याचा शेवट खरा. त्यांना सांगायचं होतं ते वेगळं, की सत्ता आपल्या सोयीसाठी असा एखादा माणूस उभा करते आणि काम झालं की जमावाला देऊन टाकते.

काल पुन्हा गड्डी काढली. एका अर्धुकाच्या मागे वडिलांनी पेन्सिलीने ‘मेणवली’ लिहिलंय. वाईजवळचं, नानांचा वाडा आहे ते. आईला विचारलं तर चेहरा उजळला. “गेलो होतो की! तेच म्हणाले, चल, नानांचा वाडा दाखवतो. घाटावर तासभर बसलो. किती शांत!” नाटकाचा आणि त्या सहलीचा काही संबंध असेल हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

*

सांगली

तुम्ही सगळ्यांनी ती ओळ पाहिलीत. मी तिच्यात होतो. आमच्या हौशी संघाने हे नाटक बसवलं तेव्हा मी भिंतीत डावीकडून चौथा. आम्ही तिला भिंतच म्हणायचो.

माझ्या उजवीकडचा बँकेत कॅशियर, डावीकडचा दुधाचा रतीब घालणारा. धोतर नेसलं, गंध लावलं, उपरणं टाकलं की सगळे सारखे. दीड महिना आम्ही फक्त डुलायला शिकलो. हसू नका. दोन्ही पायांवर भार सारखा ठेवून, खांद्याला खांदा न लावता, पण शेजाऱ्याच्या अंगाची ऊब लागेल एवढ्या अंतरावर. एकजण अर्ध्या मात्रेने उशिरा गेला की भिंतीला भोक पडतं, आणि प्रेक्षकाला नेमकं तेच दिसतं. टाळ्या पडल्या की आम्ही हुरळून लय वाढवायचो, मग मृदंगवाला डोळे वटारायचा. शेवटी शेवटी गुडघे असे भरून यायचे की घरी जिना चढताना कठड्याला धरावं लागे.

भिंत म्हणजे काय नाही? वाडा तीच, देऊळ तीच, कीर्तनातले श्रोते तेच, बावनखणीत, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीत, चोरून जाणारे तेच, आणि दगड मारणारेही तेच. कपडे बदलायचे नाहीत, विंगेत जायचं नाही, नुसतं वळायचं. नेपथ्याचा खर्च शून्य, आमचा खजिनदार एवढ्या एका गोष्टीवर खूश होता.

तिसऱ्या प्रयोगात माझा कासोटा सुटला. समोर सातशे माणसं. कॅशियरने माझ्याकडे न बघता, गाणं न थांबवता, दोन बोटांत माझं धोतर कमरेशी पकडलं, आणि पुढची वीस मिनिटं आम्ही दोघं एका माणसासारखे डुललो. दिग्दर्शकाला कळलं नाही. प्रेक्षकांत बसलेल्या आईला कळलं.

तुम्ही विचारता, लोक परत का येतात. आमच्याकडे एक गृहस्थ सगळ्या अकरा प्रयोगांना आले. त्यांना मी विचारलं. म्हणाले, “तुमच्यात एक जागा रिकामी आहे का ते बघायला येतो.”

*

डोंबिवली

धाग्यात मी बहुतेक सगळ्यांत लहान. नाटक एकदाच पाहिलंय, मूळ संचाचं अर्थातच नाही. गाण्यांनी वेडी झाले, घरी येताना लोकलमध्ये आम्ही चौघी दारात उभ्या राहून तीच गाणी म्हणत होतो. त्यामुळे पुढचं लिहितेय ते नाटक आवडलं नाही म्हणून नव्हे.

धागाकर्त्यांनी सुरुवातीला लिहिलंय, “नानांकडून कोतवाली मिळवतो.” कशाच्या बदल्यात?

मी सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मृदंग आला, धोतर आलं, मेणवलीचा घाट आला, काकांची अंघोळ आली. गौरी आली नाही. घाशीरामाची मुलगी. तो तिला नानांच्या हवाली करतो आणि कोतवाली घेतो, अख्खं नाटक या एका सौद्यावर उभं आहे. घरी आल्यावर मी संहिता आणली आणि गौरीची वाक्यं पेन्सिलीने अधोरेखित करायला बसले. पेन्सिलीला पुन्हा टोक करावं लागलं नाही. ती मरते तेही आपल्यासमोर नाही, चंद्रा सुईणीकडून बापाला कळतं, तेव्हा आपल्याला. तोवर आपण डुलत असतो.

वरच्या बाईंना पायाची शरम वाटली, ती गोळा ठेवलेल्या हातासाठी. मला तर गौरीच्या वेळी काहीच वाटलं नव्हतं. लोकलमध्ये गाणी म्हणून झाल्यावर, ठाणे गेल्यावर, मैत्रिणीने विचारलं, “त्या मुलीचं पुढे काय झालं गं?” आणि आम्हा चौघींना पटकन सांगता आलं नाही.

पुढच्या महिन्यात एका संस्थेचा प्रयोग आहे. जाणार आहे. या खेपेला फक्त तिच्याकडे बघायचं असं ठरवलंय. जमेल की नाही, माहीत नाही, गाणी फार चांगली आहेत.

*

धागाकर्ता

वर दुरुस्ती करता आली असती. केली नाही, तुमच्या प्रतिसादाला संदर्भ राहावा म्हणून.

*

सांगली

तुमचं वाचून रात्रभर झोप लागली नाही असं लिहिणार होतो. खरं सांगायचं तर लागली. सकाळी चहा टाकताना आठवलं.

नाना गौरीला गाठतात त्या प्रसंगात, आमच्या बसवण्यात, भिंत पाठ करून उभी असायची. म्हणजे तोंड मागच्या काळ्या पडद्याकडे. आम्हाला काही दिसायचं नाही, ऐकू यायचं. गौरीचं काम करणाऱ्या बाई बालवाडीत शिकवायच्या. त्यांच्या पायात पैंजण होते, बहिणीचे मागून आणलेले. ते आधी जोरात वाजायचे, इकडून तिकडे, मग एकदम थांबायचे. तीच आमची खूण होती. पैंजण थांबले की मनात सात मोजायचे, वळायचं आणि गायला लागायचं.

तालमीत सगळ्यांत लवकर बसलेली जागा ती. अकरा प्रयोगांत मी अकरा वेळा सात मोजले. वळायला एकदाही उशीर झाला नाही.