आढ्यता गरिबाला परवडते का?

वेलांटी
एका कादंबरीचा अनुवाद करते आहे. त्यात एक कारकून आहे. पगार बेताचा, कोटाची कोपरं विरलेली, पण टेबलावरचा शिक्का म्हणजे जणू राजमुद्रा. अर्ज घेऊन माणूस समोर उभा असला की हा आधी चष्मा पुसणार, मग दौत सरळ करणार, मग 'हं' म्हणणार. मूळ शब्द सेल्फ-इम्पॉर्टंट. मी लिहिलं 'आढ्यताखोर'. संपादकांनी लाल रेघ मारून समासात शेरा दिलाय: "आढ्य म्हणजे श्रीमंत. याच्याकडे दमडी नाही. 'गर्विष्ठ' करा."
मला गर्विष्ठ अजिबात नको. गर्विष्ठाकडे निदान गर्व करण्याजोगं काहीतरी असतं. आमच्याकडे आढ्यतेचा पैशाशी संबंध कोणी लावलेला ऐकला नाही. चार हाका मारल्याशिवाय जो जागचा हलत नसे, त्याला आजी म्हणायची, "आढ्यता बघा मेल्याची!" तुम्ही सगळे हा शब्द कसा वापरता?

मुद्राराक्षस
संपादक संस्कृतात बरोबर आहेत, मराठीत नाहीत. आढ्य म्हणजे संपन्न, हे खरंच. धनाढ्य, बलाढ्य, झालंच तर बृहत्कथेचा कर्ता गुणाढ्य. समासाच्या शेपटीला असला की शब्द अगदी सोज्वळ. सुटा होऊन '-ता' लावून आला की नाक वर.
हे कसं झालं असेल त्याचा माग गीतेत लागतो, 16व्या अध्यायात. 'आढ्योऽभिजनवानस्मि कोऽन्योऽस्ति सदृशो मया'. मी धनवान, मी कुलीन, माझ्यासारखा दुसरा आहे कोण? इथे आढ्य म्हणजे पैसेवालाच. पण वाक्य कोणाच्या तोंडी आहे? आसुरी संपत्तीच्या, म्हणजे राक्षसी वृत्तीच्या माणसाच्या. मराठीने त्यातला पैसा गाळला आणि पुढचा प्रश्न तेवढा ठेवला. तुमचा कारकून दिवसभर तोच प्रश्न विचारतोय.

खडूचा तुकडा
एवढ्या लांब कशाला जाता? घराचं आढं असतं ना, छपराचा सगळ्यात उंच वासा, त्यावरून आलाय शब्द. जो समोरच्याकडे न बघता आढ्याकडे बघून बोलतो तो आढ्यताखोर. आमचे एक मास्तर असेच होते. प्रश्न विचारला की उत्तर छताला द्यायचे.

मुद्राराक्षस
आढं आणि आढ्य यांचा काही संबंध नाही. 'आढ्याकडे'मधलं 'आढ्या' हे 'आढं'चं सामान्यरूप आहे, त्यामुळे कानाला तसं वाटतं इतकंच. '-ता' प्रत्यय छपराच्या वाशाला लावून दाखवा.

खडूचा तुकडा
व्युत्पत्ती चूक असेल. चित्र बरोबर आहे.

जुनी वही
वेलांटीताई, 'शिष्ट' का नाही? "फार शिष्ट आहे हो तो" म्हटलं की सगळं आलं.

वेलांटी
विचार केला होता. पण शिष्ट माणूस मुळात बोलत नाही, जिन्यात भेटला तर ओळख दाखवत नाही. माझा कारकून भरपूर बोलतो, फक्त आधी तुम्हाला ताटकळत ठेवून. आढ्यतेला प्रेक्षक लागतो. शिष्टपणा एकट्यालाही जमतो.

जुनी वही
हे पटलं. मग इतरांचीही वाटणी करू या. माज हा अंगातून येतो, गायही माजावर येते; त्यात बळ आणि बेफिकिरी. गुर्मीत दमदाटी आहे. मिजास दुसऱ्यांना सांभाळावी लागते. टेंभा मिरवायला निमित्त लागतं, शहाणपणाचं किंवा पदवीचं. ताठा मानेत असतो आणि तो गरिबालाही शोभतो. कधी कधी तर त्यालाच जास्त.

तिरकस
शिष्टावरून आठवलं. पतंजलीने महाभाष्यात शिष्ट कोण ते सांगितलंय: कुंभीधान्य आणि अलोलुप. म्हणजे ज्याच्या घरी मडकंभर धान्य आहे आणि ज्याला हाव नाही तो. मडकंभर धान्यवाला शिष्ट ठरला आणि आता सोसायटीत कोणी लिफ्टचं दार धरून ठेवलं नाही तर आपण त्याला शिष्ट म्हणतो. शब्दांचं नशीब!

शुद्धमती
सगळे अर्थावर बोलत आहेत, रूपाकडे कोणी पाहत नाही. 'आढ्यता' संस्कृत, 'खोर' फारसी. अशी भेसळ छापील पुस्तकात कशासाठी? 'अहंमन्य' हा सुंदर शब्द हाताशी असताना?

तिरकस
भेसळ कसली? भांडखोर, खोडखोर, टवाळखोर, लाचखोर यांतला 'खोर' आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरतोय. फारसीत खोर म्हणजे खाणारा. लाचखोर लाच खातो, ठीक. भांडखोर काय भांडण खातो? मराठीत आल्यावर 'खाणारा' जाऊन 'खोड असलेला' उरला. आता तो आपलाच प्रत्यय.
आणि दुसऱ्या बाजूने बघा, मराठीत स्वतःला मोठं समजणारा भाव खातोच की. तोही खाणाराच.

शुद्धमती
शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश कशाला करवून घेतला मग?

जुनी वही
तो राज्यकारभारातल्या शब्दांसाठी. घरातल्या आजीच्या तोंडचे शब्द बदलायला नव्हे.
गंमत अशी की या विषयावर ज्यांचा दाखला दिला जातो त्या माधवराव पटवर्धनांनी 1925 साली फारसी-मराठी कोश केला आणि 1938 साली भाषाशुद्धीचा विवेक सांगणारं पुस्तक लिहिलं. कविता मात्र शेवटपर्यंत माधव जूलियन या नावाने.

शुद्धमती
त्यात विसंगती काय? ज्याला फारसी येते त्यालाच ती नेमकी कुठे नको ते कळतं. मिजास आणि दिमाख बघा. मूळ मिजाज म्हणजे नुसता स्वभाव, दिमाग म्हणजे मेंदू. आपण घेतले आणि दोन्हींची नाकं फुगवून ठेवली. उसनं घेऊन वर मोडायचं.

मुद्राराक्षस
आढ्य संस्कृतातून घेऊन त्याचंही तेच केलं. भाषा सगळ्यांना सारखंच वागवते.

वेलांटी
मंडळी, मला शुक्रवारी मजकूर द्यायचाय. संपादकांना काय कळवू? 'आढ्यताखोर' राहू दे असं म्हणायला एखादा दमदार आधार द्या ना कोणी. 'अहंमन्य' घातलं तर कारकून एकदम विद्वान वाटतो.

खडूचा तुकडा
'पंडितमन्य' करा.

मुद्राराक्षस
पंडितमन्य नव्हे, पंडितंमन्य. अनुस्वार हवाच. पाणिनीचं सूत्र आहे, 'आत्ममाने खश्च'. स्वतःला तसं मानणारा या अर्थी खश् प्रत्यय, आणि त्यामुळे मध्ये म् येतो. अनुस्वार काढला की तो माणूस स्वतःला पंडित मानतो हेच निघून जातं.

खडूचा तुकडा
टिंबाशिवाय लिहिलं तरी सगळ्यांना कळतं. हा कसला पंडितपणा!

मुद्राराक्षस
कळतं म्हणून 'शिष्ठ' असंही लिहितात लोक, ट चा ठ करून. तेही चालवून घ्यायचं?

जुनी वही
बोलण्यात मी 'शिष्ठ'च ऐकत आलेय. आणि खरं सांगू, तो ठ जरा जास्तच नाक उडवतो. ट-वाला शिष्ट शिष्टमंडळात शोभतो.

मुद्राराक्षस
म्हणजे दोन वेगळे शब्द करायचे? एक सभ्यांसाठी, एक आगाऊंसाठी?

तिरकस
आगाऊ वेगळा! आगाऊ पुढे पुढे करतो, शिष्ट मागे राहून भाव खातो. वेलांटीताई, 'भावखाऊ' का नको? कारकुनाला फिट्ट बसतो आणि शुद्धमतींचाही आक्षेप नसावा.

वेलांटी
भावखाऊ फार हलका होतो. तो तरुण मुलांच्या तोंडी शोभतो. माझा कारकून पन्नाशीचा आहे.

शुद्धमती
भाव संस्कृत, खाऊ प्राकृतातून आलेला. माझी हरकत नाही.

तिरकस
हरकत अरबी आहे.