ट्रायस्टार की डीसी-१०: हरलेलं विमानच सरस होतं का?

खिडकीवाला: स्पष्टच लिहितो. १९७०च्या सुमारास तीन इंजिनांची दोन रुंद विमानं आली, डग्लसचं डीसी-१० आणि लॉकहीडचं एल-१०११ ट्रायस्टार. लांबून जुळी भावंडंच. खूण शेपटीत. डीसी-१०चं तिसरं इंजिन शेपटीच्या मुळाशी सरळ आरपार. ट्रायस्टारमध्ये हवा वरच्या तोंडातून शिरते, झोकदार वळण घेत खाली उतरते आणि धडाच्या टोकाला बसवलेल्या इंजिनात जाते. धुक्यात आपोआप उतरायची सोय, हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने विमानाची सुकाणूं हलवणाऱ्या, तीनऐवजी चार यंत्रणा. तरी बनली जेमतेम २५०; डीसी-१० मात्र ३८६, हवाई दलाचे हवेत इंधन भरणारे टँकर वेगळेच. चांगल्या मालाला गिऱ्हाईक नाही, दुसरं काय!

हिशेबी: माल वेळेवर दुकानात नको का? डीसी-१० ऑगस्ट १९७१ला प्रवासी नेऊ लागलं, ट्रायस्टार एप्रिल १९७२ला. आणि ज्या वळणाचं कौतुक करताय तेच अंगाशी आलं. ती शेपूट रोल्स-रॉइसच्या आखूड आरबी२११ इंजिनाच्या मापाने बेतलेली, दुसऱ्याचं लांब इंजिन तिथे मावेना. त्या इंजिनाची पाती आधी कार्बन फायबरची होती. पक्षी धडकला तर काय होतं, हे बघायला चाचणीत त्यांच्यावर मेलेली कोंबडी मारली, तर पात्यांचे तुकडे! मग टायटॅनियम. फेब्रुवारी १९७१मध्ये रोल्स-रॉइसचं दिवाळं निघालं, लॉकहीडही गोत्यात. अमेरिकन सरकारने २५ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली, तीही सिनेटमध्ये एका मताने.

खिडकीवाला: घाईचं फळ डग्लसलाही मिळालंच की. सामानाच्या कप्प्याचं दार बाहेर उघडणारं, कड्या नीट न बसताही बंद झाल्यासारखं वाटायचं. जून १९७२मध्ये कॅनडातल्या विंडसरजवळ ते हवेत उडालं, वैमानिकांनी कसंबसं विमान उतरवलं. मार्च १९७४मध्ये पॅरिसजवळ पुन्हा तेच. मजला खचला, खालच्या नियंत्रणाच्या तारा गेल्या, ३४६ माणसं गेली. मधली पावणेदोन वर्षं काय करत होते?

हिशेबी: दाराचा बचाव करणार नाही. पण डिसेंबर १९७२मध्ये फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पडलं ते ट्रायस्टारच होतं ना?

मेकॅनिककाका: तिथे पुढच्या चाकाचा दिवा लागेना म्हणून सगळे त्या बल्बात गुंतले आणि विमान खाली चाललंय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यात विमानाचा काय दोष? चार यंत्रणांचं ऐका. १९८१मध्ये एका ट्रायस्टारच्या शेपटीतल्या इंजिनाचा पंखा फुटला, तीन हायड्रॉलिक गेली. चौथ्यावर न्यूयॉर्कला सुखरूप उतरलं. १९८९मध्ये डीसी-१०चं शेपटीतलं इंजिन फुटलं, तिन्ही गेली. चौथं नव्हतंच. निव्वळ इंजिनांचा जोर कमीजास्त करत अमेरिकेतल्या सू सिटीपर्यंत आणलं, तरी शंभरावर माणसं दगावली.

गल्फरिटर्न: मी अडाणी प्रवासी. पण मुंबईहून आखातात जाताना ट्रायस्टार मिळालं की बरं वाटायचं. उड्डाणाच्या वेळी ती घोगरी घरघर अजून कानात आहे. बायको म्हणायची, गिरणी सुरू झाली.

हिशेबी: काका, चौथ्या यंत्रणेपुढे हात टेकले. तरी सांगतो, लॉकहीडने त्यानंतर प्रवासी विमान पुन्हा बनवलं नाही, आणि डीसी-१० मालवाहू होऊन २०२२च्या अखेरपर्यंत फेडएक्सची खोकी वाहत होतं.

खिडकीवाला: दार बदलून, हो.