मॅग्नमची पुंगळी कापून ३८ स्पेशल करावी का?

साखळीकर

अमेरिकेत स्थायिक झालेले आपले गोवेकर नेमबाज स्वतःच्या वापरापुरती काडतुसं घरीच भरतात, तिथे त्यासाठी केंद्राचा परवाना लागत नाही. त्यांच्यात एक वाद नेहमीचा. ३५७ मॅग्नम आणि ३८ स्पेशल ही रिव्हॉल्व्हरची दोन काडतुसं, आणि पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच. ३५७ मॅग्नमच्या ज्या पुंगळ्यांचं तोंड फाटलंय त्या भंगारात टाकायच्या, की कापून ३८ स्पेशल करायच्या? माझं मत स्पष्ट आहे, कापायच्या.

दोन्हींचा बाहेरचा व्यास एकच, ०.३७९ इंच. रिम, म्हणजे बुडाची बाहेर आलेली कड, तीच, गोळीही तीच ०.३५७-०.३५८ इंचाची. फरक फक्त लांबीचा: मॅग्नमची कमाल लांबी १.२९० इंच (३२.७७ मिमी), स्पेशलची १.१५५ इंच (२९.३४ मिमी). म्हणजे जवळपास साडेतीन मिलिमीटर कापून टाकायचे. चीर पडते ती तोंडाशीच, कारण दर वेळी तोंड आधी फाकवायचं, मग गोळी घट्ट धरण्यासाठी क्रिम्प करून आत वळवायचं, यात पितळ तिथेच कडक होतं. चीर दोन मिलिमीटरच्या आत असेल तर कापलेल्या भागाबरोबर ती निघून जाते आणि खालचं निम्म्याहून जास्त आयुष्य शिल्लक असलेलं पितळ हाती राहतं.

क्रम मात्र चुकवू नये. बुडातली जुनी टोपी (ठिणगी देणारा भाग) काढा, पुंगळी मूळ मापावर दाबणाऱ्या साइझिंग डायमधून काढा, धुवा आणि मगच कापा. साइझिंगमध्ये पुंगळी किंचित लांबते, त्यामुळे आधी कापून नंतर साइझ केलं तर लांबी पुन्हा बदलते. कापून झाल्यावर तोंडाची आतली-बाहेरची बर (कापताना उठलेली धार) काढायची, पुन्हा धुवायचं आणि व्हर्निअरने प्रत्येक पुंगळी मोजायची. एका लॉटमध्ये ०.००२ इंचापेक्षा जास्त फरक नको.

मडगावकर

साखळीकर बाब, मापं बरोबर आहेत, पण त्या साडेतीन मिलिमीटरचं कारणच तुम्ही सोडून दिलंत.

१९३५ मध्ये ३५७ मॅग्नम बाजारात आली तेव्हा पुंगळी मुद्दाम लांब ठेवली गेली. दारूला जागा कमी पडत होती म्हणून नव्हे, तर मॅग्नमचं काडतूस ३८ च्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये पूर्ण आत जाऊच नये म्हणून. ३८ स्पेशलचा मंजूर कमाल दाब १७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), ३५७ चा ३५,०००. दुपटीहून जास्त. ती लांबी म्हणजे कुलूप आहे, आणि तुम्ही ते कापून काढताय.

कापलेल्या पुंगळीच्या बुडावर अजूनही "३५७ मॅग्नम" असंच कोरलेलं असतं. उद्या भरणाऱ्याने बुडावरचं नाव वाचून मॅग्नमची दारू तोलली, तर दोन गोष्टी एकदम घडतात. आतली जागा घटल्यामुळे दाब ३५,००० च्याही वर जातो. आणि ते काडतूस कुठल्याही ३८ च्या सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसं ठेवायच्या फिरत्या भागात, सुखाने बसतं. जुन्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरची भिंत बाहेरच्या बाजूने फुटते आणि सिलिंडरवरची सांगाड्याची पट्टी उचलली जाते.

नव्या स्पेशल पुंगळ्या तिथे सहज मिळतात. अख्खी रिव्हॉल्व्हर पणाला लावून पन्नास पुंगळ्या वाचवण्यात हुशारी कुठली?

कुंडईकर

कापावं की नाही यावर नंतर बोलतो. आधी लेथवाल्यांसाठी. पुंगळीचं पितळ आपल्या रोजच्या रॉडसारखं नाही. रॉड साठ-चाळीसचा आणि त्यात थोडं शिसं, म्हणून चिप तुटून भुशासारखी पडते आणि सपाट टूल चालतं. पुंगळी सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त, शिसं नाही. ती चिवट. चिप लांब तारेसारखी निघते आणि टूल बोथट असेल तर कापण्याऐवजी लोटते, तोंडावर सुरकुती येते. टूल धारदार हवं, थोडा पुढचा कोन देऊन, फीड हलका.

पुंगळीची भिंत तोंडाशी साधारण ०.०१० ते ०.०११ इंच, म्हणजे पाव मिलिमीटरच्या थोडं वर. चकच्या तीन जबड्यांत बाहेरून आवळली तर ती त्रिकोणी होते आणि पुन्हा कधीच नीट गोल होत नाही. कोलेटमध्ये बुडाकडून धरायची, आत घट्ट बसणारा प्लग द्यायचा. स्टॉप लावायचा तो रिमच्या मागच्या बाजूला. तोंडापासून मोजणाऱ्याची प्रत्येक पुंगळी वेगळ्या लांबीची निघते, कारण आधीची लांबीच सारखी नसते.

पाइप कटर वापरू नका. चाक दाबत फिरतं आणि तोंड आतल्या बाजूला वळवतं. बारीक दातांची करवत आणि लाकडी साचा बरा: अर्धा मिलिमीटर जास्त ठेवून कापा, शेवट ट्रिमरवर (लांबी छाटायच्या यंत्रावर) करा.

बर काढताना हात हलका. चॅम्फर कटर जोरात फिरवला की तोंड सुरीच्या पात्यासारखं पातळ होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या भरणीतच फाटतं. धार नखाला बोचत नाही एवढं पुरे.

आता चिरेबद्दल. साखळीकर म्हणतात दोन मिलिमीटर. डोळ्याला दिसते ती दोनच असते. तिच्या पुढे पितळात आणखी बारीक रेघ गेलेली असते, ती कापल्यावर नव्या तोंडावर येते. चार-पाच पुंगळ्या मुठीत घेऊन हलवा. चांगल्या पुंगळ्या खणखणतात, त्यात एकही फाटकी असेल तर आवाज बद्द येतो. कापून झाल्यावरही ही परीक्षा पुन्हा करावी.

म्हापसेकर

मुळात रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या कापायच्याच कशाला? रायफलच्या बाटलीसारख्या पुंगळ्या प्रत्येक फायरला लांबतात, त्यांना ट्रिमिंग लागतं. सरळ भिंतीच्या, कमी दाबाच्या पुंगळ्या लांबत नाहीत, उलट किंचित आखूड होतात. शिवाय त्या रिमवर टेकतात, तोंडावर नाही. म्हणजे लांबी थोडी इकडेतिकडे झाली तरी चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या पोकळीत) बसण्यात फरक पडत नाही. मोजून लॉट वेगळे करा, डाय त्या लॉटला लावून घ्या, काम झालं.

साखळीकर

म्हापसेकर दादा, बसण्यात फरक पडत नाही हे मान्य. फरक क्रिम्पमध्ये पडतो. रोल क्रिम्पची डाय एकाच उंचीवर लावलेली असते. पुंगळी ०.०१० इंच लांब असेल तर तोंड जास्त वळतं, गोळीला चावतं, आणि पितळाला जायला जागा नसल्यामुळे तोंडाखाली फुगवटा येतो. तो चेंबरमध्ये अडकतो. पुंगळी आखूड असेल तर क्रिम्प नाममात्र बसतं. मग पहिल्या दोन-तीन फायरच्या धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात, एखादी सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचाच थांबतो. हलक्या गोळीच्या मंद लोडला हे जाणवत नाही. जड गोळी आणि हलकी रिव्हॉल्व्हर असली की लगेच जाणवतं.

पुंगळी कमाल लांबीच्या पुढे गेली तर आणखी वाईट. तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात शिरतं, क्रिम्पला उघडायला जागा राहत नाही, दाब चढतो. ३५७ च्या चेंबरमध्ये सतत ३८ मारल्यावर जो काजळीचा कडा बसतो, त्यानेही हेच होतं. मॅग्नम वापरायच्या आधी तो कडा ब्रशने साफ करावा लागतो.

पेडणेकर

साखळीकरांचं क्रिम्पबद्दल पटलं, पण कापलेल्या मॅग्नमबद्दल एक आक्षेप. २५ मीटरच्या सरावासाठी ३८ मध्ये सर्वांत जास्त भरली जाते ती १४८ ग्रेन वजनाची वॅडकटर, म्हणजे सपाट नाकाची गोळी. ती तोंडाशी समतल बसवतात, म्हणजे जवळजवळ पूर्ण गोळी पुंगळीच्या आत. लांबी साधारण १५-१६ मिलिमीटर. पुंगळीची भिंत बुडाकडे जाड होत जाते आणि मॅग्नमच्या पुंगळीत ती जाडी बऱ्याचदा वरपर्यंत आलेली असते. गोळीचं बूड त्या जाड भागात घुसलं की पुंगळी मधोमध फुगते. पोकळ बुडाची वॅडकटर असेल तर तिचा घेर दाबला जातो आणि नेम पसरतो. म्हणजे ज्या कामासाठी आखूड पुंगळी हवी, नेमकं त्याच कामाला ही चालत नाही.

तपासणी सोपी आहे. भरलेलं एक काडतूस सिलिंडर काढून चेंबरमध्ये सोडा. स्वतःच्या वजनाने पूर्ण गेलं पाहिजे. बोटाने ढकलावं लागलं तर पूर्ण लॉट नको.

आणि तोंड नरम करायला गॅसवर तापवायचा सल्ला काही जण देतात, तो या पुंगळ्यांना अजिबात नको. रायफलच्या लांब पुंगळीत बूड दूर असतं. इथे एकूण लांबीच २९ मिलिमीटर, उष्णता क्षणात बुडापर्यंत जाते. बूड नरम झालं की दाब धरायला काहीच राहत नाही.

डिचोलीकर

गोव्यात बसून वाचणाऱ्यांसाठी एवढंच. हे सगळं ज्या देशात कायदा परवानगी देतो तिथलं. इथे शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे आणि काडतुसाचे भाग व ते बनवायची यंत्रंही दारूगोळ्याच्या व्याख्येत येतात. रिव्हॉल्व्हरचा परवाना हा काडतूस बनवायचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यासाठी किमान सात वर्षांची शिक्षा आहे. कुंडई-वेर्ण्यातल्या लेथवाल्यांनी कुणी "दोन-चार पुंगळ्या कापून दे रे" म्हणालं तर साफ नाही म्हणावं. परदेशातून येणाऱ्यांनी आठवण म्हणून पुंगळी बॅगेत टाकू नये. दाबोळी असो वा मोपा, एक्स-रेमध्ये ती दिसते आणि पुढचा ताप कुटुंबाला होतो.

म्हापसेकर

डिचोलीकरांचं अगदी बरोबर. एक उपप्रश्न विचारतो, कारण वारसाने आलेली ३८ ची वेबली रिव्हॉल्व्हर परवान्यावर असलेली घरं आपल्याकडे आहेत. तिकडचे काही जण म्हणतात की स्पेशलची पुंगळी कापून वेबलीला चालवता येते. खरं आहे का?

कुंडईकर

नाही. नाव ३८ असलं तरी वेबली मार्क ४ ची पुंगळी ३८ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) या वेगळ्या काडतुसाची. लांबी ०.७७५ इंच, बुडाशी व्यास ०.३८६. स्पेशलचा ०.३७९. सात हजारांश इंचाचा फरक आहे, म्हणजे जवळपास ०.१८ मिलिमीटर. चेंबरमध्ये पुंगळी सैल राहते, फायर झाल्यावर एका बाजूला फुगते, भिंत उभी फाटू शकते आणि तप्त वायू मागे येतो. गोळीही वेगळी, ०.३६१ ची, स्पेशलची ०.३५८. लांबी जुळवली म्हणजे काडतूस जुळलं असं होत नाही. इथे तर परवानाधारक दुकानातलं, परवान्यावर नोंदवून घेतलेलं फॅक्टरी काडतूसच वापरायचं.

कापण्याचं पटण्यासारखं कारण मला एकच दिसतं: स्पर्धेत मून क्लिपने (सगळी काडतुसं एकत्र धरणाऱ्या पातळ चकतीने) झटपट भरण्यासाठी ३८ शॉर्ट कोल्ट हे आखूड काडतूस, लांबी ०.७६५ इंच. आखूड पुंगळी सिलिंडरमध्ये पटकन घसरते आणि रिकामी पूर्ण बाहेर पडते. पण तीसुद्धा स्टारलाइन या पुंगळ्या बनवणाऱ्या कंपनीची तयार मिळते, बुडावर खरं नाव कोरलेली. आणि तिथे जागा इतकी कमी की स्पेशलचा दारूच्या मापांचा तक्ता वापरता येत नाही. गोळी जराशी जास्त खोल गेली तरी दाब झपाट्याने चढतो. त्याच मापाचा छापील तक्ता नसेल तर भरूच नये.

साखळीकर

वॅडकटरचा मुद्दा मान्य, त्या गोळीसाठी कापलेली मॅग्नम वापरू नये. तोंडाशी थोडीच बसणारी १५८ ग्रेनची गोळी असेल तर तो प्रश्न येत नाही. मडगावकरांचा दाबाचा मुद्दाही गंभीर आहे, म्हणून माझी अट: कापलेल्या पुंगळ्या फक्त निकेलचा मुलामा असलेल्या पांढऱ्या ठेवायच्या, पिवळ्या कधीच कापायच्या नाहीत, आणि भरायच्या त्या फक्त ३८ स्पेशलच्या तक्त्यातल्या कमी मापाने. रंग पाहताच कळेल.

मडगावकर

निकेल आधीच ठिसूळ, तोंड लवकर फाटतं, म्हणून तर ती तुमच्या फाटक्यांच्या डब्यात जास्त सापडते. कापलेल्या कडेला मुलामा सुटतो, त्याची पापुद्री गोळीच्या बाजूने आत जाते. ट्रिमरचं पातंही निकेलवर लवकर मरतं. आणि रंगाची खूण ज्याने ठरवली त्यालाच माहीत असते. काडतुसं दुसऱ्याच्या हाती गेली, डबा बदलला, तर पांढऱ्या पुंगळीवर ३५७ वाचून तो काय समजेल? मार्करने रंगवलेलं बूड तर टंबलरमध्ये (पुंगळ्या घुसळून साफ करायच्या यंत्रात) पहिल्याच धुण्यात साफ होतं.

फाटलेलं तोंड पक्कडीने चेपून टाका, म्हणजे चुकूनही कुणी ती पुंगळी पुन्हा भरणार नाही, आणि किलोच्या भावाने पितळवाल्याला द्या.

पेडणेकर

कापणारे कापणारच, तर एक गोष्ट राहिली. ट्रिमिंगनंतर आत राहिलेला तारेसारखा चुरा दिव्याखाली धरून पाहा. तो टोपीच्या छिद्रात अडकतो आणि हवेने फुंकून निघत नाही, टाचणीने काढावा लागतो. वापरलेल्या टोपीच्या काजळीत शिसं असतं, त्यामुळे सुका झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि त्या टेबलावर खाणं ठेवू नका.