लंडनचे पुरुषांचे क्लब नेमके कशासाठी होते?

वाटसरू:
लंडनमधल्या सेंट जेम्स, पॅल मॅल भागातल्या जुन्या क्लबांबद्दल वाचतोय. चांगलं जेवण, वर्तमानपत्रं, आरामखुर्च्या हे सगळं त्या लोकांच्या घरीही असणार. मग वर्गणी भरून तिथे जायचं कशाला? आणि बायकांना इतकी वर्षं बाहेर का ठेवलं?

शिशिर:
सगळ्यात जुना व्हाइट्स. १६९३ साली एका इटालियन माणसाने चॉकलेट प्यायचं दुकान म्हणून तो काढला. पुढे तिथे जुगार रंगायला लागला. पैजा लिहून ठेवायची त्यांची वही प्रसिद्धच आहे. उघड्या दुकानात कोणीही येऊन बसणार, म्हणून मग फक्त सदस्यांनाच प्रवेश.

रेवा:
घरी सगळं होतं असं नाही हं. बरेच सदस्य भाड्याच्या खोलीत राहणारे अविवाहित पुरुष होते; त्यांचं जेवणखाण, पत्रव्यवहार, गप्पा सगळं क्लबात. रिफॉर्म क्लबात तर अलेक्सी स्वाये या फ्रेंच आचाऱ्याने गॅसवर चालणारं स्वयंपाकघर उभं केलं होतं, तेही १८४० च्या सुमारास!

पण माझ्या मते खरी गोष्ट मतपेटीत आहे. नवा सदस्य घेताना प्रत्येकाने पांढरी किंवा काळी गोटी गुपचूप टाकायची. मोजक्या काळ्या गोट्या पडल्या की नाव बाद. कोणी टाकली, का टाकली, कोणी विचारायचं नाही. नकाराचं कारणच द्यावं लागत नसेल, तर दाद मागायची कुणाकडे?

आणि आत नुसते पत्ते खेळत नव्हते. १९ ऑक्टोबर १९२२ ला हुजूर पक्षाचे खासदार कार्लटन क्लबात जमले, पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्याशी असलेली आघाडी मोडायचं ठरलं आणि त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. १९७५ मध्ये मार्गारेट थॅचर पक्षाच्या नेत्या झाल्या, तेव्हा त्याच क्लबाने त्यांना मानद सदस्य करून घेतलं. बाकी स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व मिळायला २००८ उजाडलं. मला याचा आजही राग येतो.

शिशिर:
अथेनियमचंही तेच. १८२४ चा क्लब, पहिले सचिव मायकेल फॅरडे. १८३८ मध्ये डार्विन आणि डिकन्स दोघेही सदस्य झाले. विद्वत्तेला एवढा मान, तरी स्त्रिया २००२ मध्ये आल्या. रिफॉर्मने मात्र १९८१ मध्येच दार उघडलं.

वाटसरू:
म्हणजे आता प्रश्न मिटला?

रेवा:
नाही. गॅरिक क्लबाने मे २०२४ मध्ये मतदान घेऊन स्त्रियांना प्रवेश दिला, तोही बराच गाजावाजा झाल्यावर. व्हाइट्स अजून पुरुषांचाच आहे.